आवडत्या बँडच्या कॉन्सर्टला जोडीदाराला न्यावं का, जर त्याला किंवा तिला त्यांचं एकही गाणं माहीत नसेल?

तुम्ही लिहिलंय की बँड शाळेपासूनचा आवडता आहे, मुंबईत त्यांचा मोठा कार्यक्रम होणार आहे, लग्न नवं आहे आणि बायकोला इंग्रजी गाण्यांत अजिबात रस नाही. नाशिकहून एवढ्या लांब तिला न्यावं की सरळ मित्राबरोबर जावं, हा तुमचा प्रश्न.

बायकोलाच न्या. फक्त तिला तुमच्यासारखी चाहती बनवायच्या मागे लागू नका. तिच्या अंगात आधीपासून काहीतरी संगीत असणारच. त्या संगीतातून तुमच्या बँडकडे जाणारी वाट कुठे आहे ते शोधा, तिला दाखवा आणि बाजूला व्हा. पुढचं ती बघेल.

माझा बँड यूटू, आयर्लंडचा रॉक बँड. नाशिकच्या केटीएचएम कॉलेजात शिकत असताना मावसभावाने मला 'द जोशुआ ट्री'ची कॅसेट दिली. 1987 चा अल्बम. गंगापूर रोडच्या आमच्या घरात ती कॅसेट फीत ताणली जाईपर्यंत वाजली. ही माणसं कधी आपल्याकडे येतील असं मनातही आलं नव्हतं. आणि मग 2019 साली त्याच अल्बमच्या जागतिक दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जाहीर झाला, 15 डिसेंबर, रविवार. यूटूचा भारतातला पहिलाच कार्यक्रम.

नवरा जुन्या नाशकातला, तरुणपणापासून ढोल पथकातला. वाकडी बारवेपासून विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा त्याचा चेहरा बघावा! गाणी म्हणाल तर भावगीतं आणि लावणी. इंग्रजी गाणं लागलं की तो पेपर उघडून बसतो. मला मात्र त्या रात्री शेजारी तोच हवा होता, दुसरं कोणी चाललं नसतं. इतकी वर्षं जी गोष्ट माझ्या एकटीची होती ती ज्याच्याबरोबर जगतेय त्याने एकदा जवळून पाहावी, एवढीच इच्छा होती. त्याला आवडावी असा हट्ट नव्हता.

जायच्या आधी मी त्याला गाण्यांची यादी ऐकवत बसले नाही. ड्रमर लॅरी मलनची गोष्ट सांगितली. 1976 साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत चौदा वर्षांच्या या मुलाने नोटीस बोर्डावर कागद लावला की बँड काढायचाय, वाजवणारे हवेत. त्या एका कागदावरून यूटू उभा राहिला. म्हणजे मुळात बँड काढला तो ड्रमरने. आणि हा मुलगा त्या काळात पोस्टातल्या कामगारांच्या मार्चिंग बँडमध्येही वाजवायचा, रस्त्यावरून चालत. नवरा लगेच म्हणाला, "म्हणजे मिरवणुकीतला माणूस आहे." बास, तिथे त्याला वाट सापडली. नंतर त्याने स्वतःहून विचारलं की हा पोरगा वाजवतो कसा, आणि मी एकच गाणं लावलं, 'संडे ब्लडी संडे'. ते गाणं 30 जानेवारी 1972 च्या घटनेवर आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी तेरा माणसं मेली. म्हणून तिथला ड्रम लष्करी संचलनासारखा वाजतो. हे कळल्यावर शब्द कळले नाहीत तरी अडत नाही.

कार्यक्रमाची सुरुवात नेमकी त्याच गाण्याने झाली. स्टेडियमभर गर्दीचा आवाज, मागे दोनशे फूट रुंदीचा व्हिडिओ-पडदा अजून बंद, आणि गर्दीत शिरणाऱ्या लहान मंचावर लॅरी मलन एकटा चालत आला. बसला आणि त्याने तो ठेका सुरू केला. नवरा माझ्या कानाशी ओरडला, "अगं, हा तर ताशा!" खरंच होतं ते. पथकात ढोल उचलण्याआधी ताशा एकटा तर्री (काड्यांचा सलग कडकडाट) घेतो आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो, तसाच तो क्षण होता. पुढची सगळी मिनिटं त्याची बोटं माझ्या खांद्यावर तो ठेका वाजवत होती आणि मी गात होते. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकाच गाण्यात, आपापल्या बाजूने, असे पहिल्यांदाच होतो.

मला अपेक्षा नव्हती अशा गोष्टीतही तो रमला. मैदानाच्या मध्यापलीकडे उंच मनोरे असतात, त्यांवर जास्तीचे स्पीकर टांगलेले असतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे मंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमचा टोला जवळपास पाव ते एकतृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मनोऱ्यांवरच्या स्पीकरना तेवढाच उशीर मुद्दाम दिलेला असतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक टोला दोनदा ऐकू आला असता. नवऱ्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. लांबलचक पथकात शेवटच्या रांगेतल्याने कानावर विसंबायचं नसतं, पुढच्याच्या हाताकडे बघून वाजवायचं असतं, हे तो नव्या पोरांना कायम सांगतो. कारण तेच आहे! तो मनोऱ्यांकडे बघत हसत होता आणि मी त्याच्याकडे.

मग पडदा लालभडक उजळला आणि 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' सुरू झालं. बँडचा गिटारवादक एज, त्याच्या गिटारचा तो प्रतिध्वनी, एक सूर वाजला की त्याच्या मागे त्याचेच सूर धावत येतात, हे माझं कॉलेजपासूनचं गाणं. मी रडले. नवऱ्याला त्यात फारसं काही वाटलं नसावं, पण तो काही बोलला नाही, फोन काढला नाही, नुसता जवळ उभा राहिला. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, तुमचं सर्वात लाडकं गाणं सुरू होईल तेव्हा बायकोच्या चेहऱ्याकडे बघू नका. तिला आवडतंय का, हे त्या वेळी तपासलंत तर तुमचंही गाणं जाईल आणि तिच्यावरही खोटं खूश दिसायचं ओझं पडेल. तुम्ही तुमचं गाणं पुरतं जगा. तुम्हाला इतकं हललेलं तिने पाहिलं, हेच पुष्कळ आहे.

शेवटाकडे ए. आर. रहमान आपल्या मुलींसह मंचावर आले आणि 'अहिंसा' हे गाणं झालं, तेव्हा सगळं स्टेडियम एक झालं. पण घरी परतताना नवरा बोलला ते लॅरी मलन आणि 'बुलेट द ब्लू स्काय' मधल्या ड्रमबद्दल.

आता व्यवहाराचं. तिकीट तिच्या सोयीने घ्या. मंचासमोरच्या उभ्याच्या जागेत चाहत्यांना मजा येते, पण चार-पाच तास बसायला मिळत नाही, आणि उंची बेताची असेल तर पुढच्यांच्या पाठीच दिसतात. जिला बँड माहीत नाही तिला बाजूच्या स्टँडमध्ये, खालच्या टप्प्यातली बसायची जागा बरी. तिथून मंच, पडदा आणि उसळणारी गर्दी तिन्ही दिसतं, आणि नवख्या माणसाला गर्दी बघण्यातही खूप काही मिळतं. शिवाय कंटाळा आला तर ती बसू शकते, बाहेर जाऊन काही खाऊन येऊ शकते. मध्येच बसली तर बसू द्या, हात धरून उठवू नका.

कानात घालायचे बोळे दोघांसाठी घ्या, औषधाच्या दुकानात मिळतात. 100 डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबणं कानाला धोक्याचं मानतात, आणि कॉन्सर्टमध्ये तेवढा आवाज सहज होतो. ज्याला ते संगीत आधीच परकं आहे त्याला मोठा आवाज दुप्पट त्रास देतो. बोळ्यांनी गाणं बिघडत नाही, बोचणं तेवढं कमी होतं. आमच्याकडे पथकातली जुनी माणसंही कापूस घालतात.

तुमचा कार्यक्रमही नेरूळलाच असेल तर जाताना पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरून तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठता येतं. गाडीने जाणार असाल तर आता इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जून 2025 पासून खुला आहे, कसारा घाटाऐवजी जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाता येतं. पण परतीचा विचार वेगळा करा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला बंदी असल्यामुळे कार्यक्रम सहसा दहाच्या आत आटोपतो, मात्र हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. रिक्षा मिळत नाही, फोन लागत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवून ठेवा. आणि त्या रात्री वाशी किंवा नेरूळला मुक्काम करा. दमलेल्या अंगाने मध्यरात्री नाशिकपर्यंत गाडी हाकण्यात काही शहाणपण नाही. शिवाय कार्यक्रमानंतर दोघं निवांत बोलत बसता ना, तो सगळ्यात गोड वेळ असतो.

तुमची बायको काय ऐकते हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तिची वाट कोणती ते मला सांगता येणार नाही. ती भावगीतं ऐकणारी असेल तर एखाद्या गाण्यामागची गोष्ट सांगा. 'द जोशुआ ट्री'चं शेवटचं गाणं अर्जेंटिनातल्या बेपत्ता केलेल्या मुलांच्या आयांचं आहे, हे कळल्यावर माझ्या सासूबाईंनी ते दोनदा ऐकलं. तुमच्या बँडचंही असं एखादं गाणं असेलच. ती नाचणारी असेल तर ठेक्याचं गाणं निवडा, गळा चांगला असेल तर जिथे सगळं मैदान मिळून गातं ती ओळ आधी शिकवून ठेवा. जास्त नको, एक-दोन गाणी पुरेत. आणि हे सगळं तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी तिच्याशी बोला, कारण मोठ्या बँडची तिकिटं काही मिनिटांत संपतात आणि त्या घाईत "येतेस का?" असं विचारलं तर कोणीही नाहीच म्हणेल.