एका बाल्कनीत दोन बागा

या महिन्याच्या पत्रांतली चार निवडली आहेत. चारही ठाणे-नवी मुंबईची. मी स्वतः ठाण्यात वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर १५ वर्षं कुंड्या सांभाळते आहे, त्यामुळे या पत्रांतलं ऊन आणि पाऊस माझ्या रोजच्या ओळखीचं आहे.

प्रश्न : ताई, आमचा घोडबंदर रोडला फ्लॅट आहे. बाल्कनी ८ बाय ४ फूट, पश्चिमेला. सासूबाईंना देवासाठी जास्वंद, तगर, तुळस हवी. मला मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, कॅलेथिया अशी पानांची झाडं आवडतात. कुंड्या इकडच्या तिकडे करण्यावरून रोज कुरबुर होते. त्यात माझ्या कॅलेथियाची पानं कडेने करपायला लागली आहेत. काय करू?

उत्तर : आधी खडू घ्या. दोघी घरी असाल अशा एखाद्या रविवारी दुपारी १, ३ आणि ५ वाजता ऊन जिथवर आत येतं तिथे फरशीवर रेघ मारा. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन नसतं. मग ते कठड्याकडून आत सरकत येतं आणि संध्याकाळी मागच्या भिंतीवर चढतं. कठड्यालगतच्या दीड-दोन फुटांत तीन-चार तास कडक ऊन मिळेल. तो पट्टा सासूबाईंना द्या, कारण जास्वंद आणि तुळस उन्हाशिवाय नुसत्या लांबट होत जातात. भिंतीकडची बाजू तुमची. आता गंमत बघा : जास्वंद तीन-चार फूट वाढली की तुमच्या पानांवर येणारं तिरपं ऊन तीच अडवणार आहे. म्हणजे त्यांच्या फुलझाडांच्या आडोशाला तुमची झाडं सुखाने राहतील.

जास्वंद आणाल तेव्हा गावठी लाल, पाच पाकळ्यांची आणा. मोठ्या फुलांच्या रंगीत संकरित जाती दिसायला सुरेख, पण त्यांच्यावर पिठ्या ढेकूण लवकर बसतो आणि तो तुमच्या मॉन्स्टेरावरही जाईल. पानामागे, कोवळ्या शेंड्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून सूर्य कलल्यावर फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग दिसली तर तीही मोडा. पिठ्याला एका फांदीवरून दुसरीकडे नेतात त्या मुंग्याच. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर झाड डेरेदार होतं. रविवारी आणि द्वादशीला सासूबाई तुळशीला हात लावू देणार नाहीत, तेवढे दिवस सोडून खुडा.

कॅलेथिया मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. पानाची कड करपते ती बहुधा उन्हाने, एसीच्या कोरड्या हवेने किंवा पाण्यातल्या क्षारांनी. तिला अगदी भिंतीशी ठेवा. आणि एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून तेच घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, नवं पान बघायचं.

माझ्या सासूबाई रोज पहाटे साडेपाचला पितळी परडी घेऊन बाल्कनीत यायच्या. फुलं मोजून, एक झाडावर ठेवून बाकीची काढायच्या. त्या गेल्यावर मी त्यांची तगर काढून तिथे पानांची झाडं लावावीत असं मनात आलं होतं. नाही लावली, आणि ते बरंच झालं असं मला आजही वाटतं. तुम्ही दोघींनी एकमेकींच्या पट्ट्यातलं एकेक झाड सांभाळायला घ्या.

प्रश्न : मी नेरूळला राहतो, नुकताच निवृत्त झालो. सोसायटीने गच्चीवर कुंड्या ठेवायला परवानगी दिली आहे. माझा भरवसा लाल माती आणि शेणखतावर. शेजारचे गृहस्थ सगळं कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावतात, वर पातळ खतं देतात आणि माझ्या पद्धतीला जुनाट म्हणतात. शिवाय नर्सरीतून आणलेली माझी तीन झाडं पावसाळ्यात गेली. कोणाचं बरोबर?

उत्तर : शेजाऱ्यांचा वजनाचा मुद्दा खरा आहे. १२ इंची कुंडी ओल्या लाल मातीने भरली की सहज २० किलोच्या घरात जाते, आणि तुम्ही गच्चीवर आहात. पण कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. खताचा एक आठवडा चुकला की झाड पिवळं पडतं. गावाला जाऊन येणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. माझा अनुभव असा : दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. जुलै-ऑगस्टसाठी भरत असाल तर कोकोपीट निम्मं करा, नाहीतर कुंडीचा चिखल होतो. शेणखत मुठीत धरून पाहा : भुगा व्हायला हवा, वास यायला नको.

माती विकत आणण्यापेक्षा पालापाचोळ्यातून घडवा, हा विचार आपल्याकडे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने तळमळीने मांडला. मी त्यांच्याच वाटेने जाते. वसंतात रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात तेव्हा झाडणाऱ्या मावशींकडून दोन पोती मागून घेते, आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर थरावर थर देते. पावसाळा संपेपर्यंत काळी, भुसभुशीत, हलकी माती हाती येते.

तुमची तीन झाडं का गेली याचा मला अंदाज आहे, कारण माझा कलमी सोनचाफा तसाच गेला. जूनमध्ये लावला, जुलैअखेर पानं गळली. कुंडी पालथी केली तर माझ्या सगळ्या चांगल्या मातीच्या मधोमध नर्सरीतून आलेला चिकणमातीचा गोळा तसाच होता, विटेसारखा. बोटाने दाबून फुटेना. त्याच्या आतली मुळं तपकिरी, मऊ, गटाराच्या वासाची. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या ठिकाणांहून रोपं दूरवर जातात. प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती बहुधा चिकट मातीत बांधलेली असतात. प्रवासाला ती चांगली, आपल्या धो धो पावसाला नाही. तेव्हापासून मी रोप आणलं की आठवडाभर सावलीत ठेवते, मग गोळा बादलीभर पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सैल करते, निम्मी माती निघाली की लावते. मोगरा, जास्वंद याने मरत नाहीत. बोगनवेलीच्या मुळांना मात्र फार हात लावू नका, ती रुसते. आणि पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या काढून ठेवा. मुळं कुजतातच, वर डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात.

प्रश्न : बेडरूममध्ये चार स्नेक प्लांट ठेवले तर हवा शुद्ध होते का? (वाशी)

उत्तर : नाही. झाडं घरातली हवा शुद्ध करतात ही समजूत ज्यावरून पसरली, तो १९८९ चा नासाचा प्रयोग बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतका फरक पडायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, कदाचित १००० सुद्धा. स्नेक प्लांट आवडतं म्हणून ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी घाला, आणि खिडकी उघडा.

प्रश्न : ऐरोलीला आमच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत मोगरा आहे. डिसेंबरात त्याच्यावर भरपूर ऊन असतं, पण उन्हाळ्यात कळी धरत नाही. खत वाढवू का?

उत्तर : खत वाढवू नका. तुमचं उत्तर आकाशात आहे. आपल्याकडे साधारण १५-१६ मे आणि २७-२८ जुलै हे शून्य सावलीचे दिवस. त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तर तो उत्तरेकडे असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून ऊन तुमच्या गॅलरीत खोल आत येतं. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकं मोगऱ्याच्या बहराच्या वेळी, ते वरच्या स्लॅबवरच राहतं. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं.

जानेवारीत छाटणी करा, पानं काढून टाका, दहा-बारा दिवस पाणी अगदी कमी करा, मग मूठभर शेणखत. मार्चपासून कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला न्या, पण पक्की बांधून. खाली माणसं चालतात. तेही जमणार नसेल तर मोगरा पूर्वेची खिडकी असलेल्या शेजारणीकडे मार्च ते जून ठेवायला द्या, फुलं अर्धी अर्धी वाटून घ्या. माझ्या दोन मैत्रिणी चार वर्षं असंच करताहेत.