सिरोसिस आहे आणि रात्रीची झोप उडालीये? झोपेची गोळी देऊ नका

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर निबर होऊन खराब झालंय, पोटात पाणी झालंय, आणि आता काही दिवस ते दिवसा झोपतात, रात्रभर जागे असतात, मधेच काहीतरी असंबद्ध बोलतात, तर झोपेची गोळी द्यावी का. अजिबात नको. हा साधा निद्रानाश नाहीये, लिव्हरला जमेनासं झालं की अमोनिया वगैरे घाण मेंदूपर्यंत पोचते आणि त्याची सुरुवात बरेचदा अशीच झोप उलटीपालटी होऊन होते. त्यांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे, पंजे फडफडून खाली पडत असतील तर शंका आणखी पक्की. नाही पडले तरी आजच डॉक्टरांना दाखवा.

तिथे गेल्यावर एकच प्रश्न लावून धरा, हे आत्ताच का झालं? बद्धकोष्ठता, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या जास्त होऊन सोडियम-पोटॅशियम बिघडणं, आतल्या आत रक्तस्राव, किंवा पोटातल्या पाण्यातच इन्फेक्शन. हे शेवटचं फार फसवं, ताप नाही, पोट दुखत नाही, नुसतं बरळणं. म्हणून सुईने थोडं पाणी काढून तपासायला सांगाच, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला 250 किंवा जास्त निघाले तर लगेच अँटिबायोटिक चालू करतात आणि किडनी सांभाळायला अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन, सलाईनसारखं शिरेतून) देतात. अमोनियाच्या रिपोर्टमागे मात्र लागू नका, त्या आकड्यावर रोजचे उपचार ठरत नाहीत.

लॅक्टुलोज (पोट साफ करून अमोनिया बाहेर काढणारं औषध) चालू केलं की दिवसाला 2-3 वेळा मऊ शी होईल एवढा डोस ठेवायचा, माप चमच्याचं नाही, संडासचं. जास्त देऊन जुलाब लावले तर अंगातलं पाणी कमी होऊन पुन्हा तेच बरळणं.

आणि हो, प्रोटीन कोणी बंद करायला सांगितलं असेल तर ते जुनं झालं, आता वजनाच्या किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम द्यायचं म्हणतात, शिवाय रात्री उपाशी झोपू द्यायचं नाही. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरातच ठेवू नका, किडनी जाते.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर ओपीडीची वाट न बघता सरळ इमर्जन्सी.

लिव्हर ट्रान्सप्लांटचं मात्र आत्ताच विचारा. पाणी झालं, वर बरळणं सुरू झालं, म्हणजे नुसत्या औषधांवर किती दिवस काढायचे हा प्रश्न आलाच, आणि तब्येत पार ढासळल्यावर पाठवलं तर पेशंट ऑपरेशन झेपण्याच्या अवस्थेत राहत नाही.