तुकोबांच्या नावाने फिरणारे अभंग वर्गात कसे तपासावेत?

ताई, तुमच्या रविवारच्या ऑनलाइन वर्गात १२-१३ वर्षांची मुलं घरच्या ग्रुपवरचे, तुकोबांचं चित्र लावलेले 'अभंग' घेऊन येतात. खरे कोणते, हे ठरवायचं कसं, असा प्रश्न आहे. निकाल तुम्ही देऊ नका, मुलांनाच शोधू द्या. पाऊण तासात तीन मेसेज पुरे.

आधी अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरून. मोठ्या अभंगात ६-६-६-४: 'सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवूनियां'. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. लहान अभंगात ८-८: 'जे कां रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले'. एखादं अक्षर कमी-जास्त चालतं, गाताना सांभाळून घेतात. पण एका ओळीत ११, पुढच्या ओळीत १९ आणि शेवटी 'तुका म्हणे' चिकटवलेलं असेल तर संशय घ्यावा. ही नुसती चाळणी आहे. छंद कुणालाही जुळवता येतो.

मग मुद्रा, म्हणजे शेवटी येणारं कवीचं नाव. 'तुकयाबंधु म्हणे' असेल तर रचना धाकटे बंधू कान्होबांची, आणि तीही गाथेतच छापलेली असते. 'ज्ञानदेवें रचिला पाया… तुका झालासे कळस' हा संत बहिणाबाईंचा अभंग. शेवट कापला की त्यांची मुद्रा जाते आणि नाव भलत्याचंच लागतं. 'इंद्रायणी काठी' तर गदिमांनी 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत!

खरी अडचण शोधण्यात येते. आधार शासकीय गाथेचा घ्या: १९५० ची, ४६०७ अभंगांची, मूळ इंदुप्रकाश छापखान्याच्या १८६९-७३ च्या आवृत्तीवरून. मराठी विकिस्रोतावरही गाथा आहे. मुलं शोधात अख्खी ओळ टाकतात आणि 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळी होतात. कारण जुन्या छपाईत 'आम्ही'चं 'आह्मी' असतं, अनुस्वार जास्त असतात, 'तरी'चं 'तरि' होतं. म्हणून ओळीच्या मधले, अनुस्वार नसलेले दोनच शब्द टाकायला सांगा. 'म्ह' असलेला शब्द टाळा. मेसेज चित्राच्या रूपात असेल तर फोनने उचललेला मजकूर आधी डोळ्यांनी ताडून घ्या, त्यात रफार आणि अनुस्वार हमखास चुकतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोध बहुधा चालतच नाही. सापडलेल्या अभंगाच्या क्रमांकासोबत आवृत्तीही लिहा, क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. चॅटबॉटला 'हा गाथेत आहे का' असं विचारून थांबू नका; तो क्रमांकसुद्धा मनाने देतो.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे खरा पण तोडलेला अभंग. 'नाठाळाचे माथी हाणू काठी' ही ओळ धमकीसारखी फिरते. अभंगाची सुरुवात 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' अशी आहे आणि काठीच्या लगेच पुढे 'मायबापाहूनि बहू मायावंत' येतं. गाथेत शब्दही 'काठी देऊं माथां' असे आहेत, 'हाणू' नाही. त्याच अभंगातल्या 'भले तरि देऊं… लंगोटी' या ओळीत काही प्रतींत 'कासेची' आहे, काहींत त्याहून रांगडा शब्द. मुलं विचारतीलच, तेव्हा पाठभेद म्हणजे एकाच ओळीचे वेगवेगळ्या प्रतींतले वेगळे शब्द, हे तिथेच सांगून टाका. यावर वेळ खर्च करा, छंदावर नको.

तपासून झाल्यावर मुलांनी ग्रुपवर 'आजोबा, हे खोटं आहे' असं लिहू नये. 'शासकीय गाथेत सापडला नाही, तुम्ही कुठे ऐकलात?' एवढंच लिहावं. कीर्तनात तोंडोतोंड चालत आलेलं सगळंच त्या ४६०७ मध्ये नाही, आणि आजोबांनी तो खरंच वारकऱ्यांच्या एखाद्या फडावर ऐकलेला असू शकतो.