‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगू नका

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे, विड्या वळते. वरची दाढ हलतेय, रात्री ठणकते. दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आली. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ असं शेजारणींनी डोक्यात भरवलंय. कसं समजवायचं? (अशोक चौक)

नजरेचं आधी सांगते. वरच्या दाढेची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. पन्नाशी-साठीत दात हलतात आणि त्याच सुमारास मोतीबिंदूही येतो, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली.

पण खरी भीती तीच आहे का, हे आईला विचारा. आमच्याकडे अशा कितीतरी बायका येतात. खुर्चीत बसतात, पदर तोंडावरून निघत नाही. सुईला त्या तितक्या भीत नाहीत. मिश्री लावते म्हणून डॉक्टर चारचौघांत झापतील, ही धास्ती असते. (आणि आम्ही झापतोही, खोटं कशाला बोलू.) म्हणून आधी तुम्ही एकटे डॉक्टरांना भेटा आणि सांगा, ‘पहिल्या दिवशी फक्त बघा, काढू नका, मिश्रीचं नंतर बोला.’ आईलाही तेच सांगा आणि दिलेला शब्द पाळा. ‘नुसतं दाखवून येऊ’ म्हणून नेलं आणि दाढ काढूनच आणली, तर पुन्हा त्या दारात ती पाऊल टाकणार नाही.

दाढ काढायच्या दिवशी जेवून न्या. उपाशीपोटी भोवळ येते आणि मग ‘सुईनं चक्कर आली’ अशी गल्लीभर बातमी होते. रक्तदाबाची गोळी नेहमीसारखी द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, कागद सोबत आणा. घरात तेलुगू बोलत असाल तर तेही आधी सांगा. मराठीतलं ‘दुखतंय’ ज्यांच्या तोंडून निघत नाही, त्या ‘नोप्पी’ म्हणून लगेच सांगतात.

आणखी एक. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी सांगायला हवं, ‘डावा हात वर करा, मी थांबेन.’ नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. डावाच, कारण उजवीकडे बहुधा डॉक्टर असतात.

प्रश्न : मी नवीन डेंटिस्ट आहे. भूल देऊनही पेशंट ‘दुखतंय’ म्हणतो. मी ‘नुसता दाब आहे’ म्हणून काम चालू ठेवतो. बरोबर आहे का? (जुळे सोलापूर)

कधी बरोबर, कधी नाही. भुलेनं कळ जाते, पण दाब आणि ओढ जाणवतेच. हे सुरुवातीलाच सांगितलं तर पेशंट दचकत नाही. ‘काही कळणारच नाही’ असं कबूल केलंत की पहिल्या ओढीलाच तुम्ही खोटे पडता.

पण पेशंटचंही खरं असू शकतं. खालच्या दाढेला ओठ जड व्हायला ५ मिनिटं लागतात, कुणाला जास्तही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथं औषध नीट चढत नाही. म्हणून ‘दुखतंय का?’ एवढंच विचारू नका, ‘कसं दुखतंय?’ विचारा. आपल्याकडचा पेशंट अर्धं निदान स्वतःच करून येतो. ‘गार पाण्यानं शिवशिवतंय’, ‘चावलं की कळ येते’, ‘रातभर ठणकायलंय डॉक्टर’ ही तीन वेगळी दुखणी आहेत. केस पेपरवर त्याचाच शब्द लिहा.

भित्रा पेशंट आधी ओळखायचा असेल तर नॉर्मन कोराह यांची १९६९ची चार प्रश्नांची चाचणी आहे. १९९५मध्ये तिच्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला गेला. सोप्या मराठीत करून काउंटरवर ठेवा, दोन मिनिटांत भरून होते.

प्रश्न : दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर पेशंटसमोरच ओरडतात. आता चूक दिसली तरी बोलायला भीती वाटते. (विजापूर रोड)

ताई, तुमच्या डॉक्टरांना माझा एक किस्सा वाचायला द्या. तारा लावायच्या एका मुलीचा २४ नंबर, म्हणजे वरचा डावा चौथा दात काढायचा होता. तिचा सुळा अजून आलेलाच नव्हता. मी पुढून चार मोजले आणि चिमटा लावला २५वर, म्हणजे पाचव्या दातावर. माझी मदतनीस हळूच म्हणाली, ‘मॅडम, चिठ्ठीत २४ आहे. सुळा नाहीये.’ माझे हात गार पडले. आदल्या दिवशी मी तिच्यावर खेकसले असते, तर ती गप्प राहिली असती आणि पोरीचा चांगला दात गेला असता.

तेव्हापासून आम्ही दात काढण्याआधी नंबर मोठ्यानं म्हणतो. मी म्हणते, मदतनीस चिठ्ठी आणि एक्स-रे बघून परत म्हणते, आणि पेशंट आरशात बोट लावून दाखवतो. सकाळी पाच मिनिटं यादी वाचतो, कोण घाबरट, कुणाला साखर, कुणाचं काम लांबणार. काउंटरवरच्या मुलीनं फोनवर ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणायचं आणि आत पाऊण तास लागायचा, याची भांडणंही त्यानंच मिटली. मदतनिसानं सुई माझ्या हातात देताना पेशंटच्या डोळ्यांपुढून न देता हनुवटीखालून द्यायची, हेही तेव्हाच ठरलं.

तुम्ही संध्याकाळी, दवाखाना रिकामा झाल्यावर बोला. ‘तुम्ही ओरडता’ म्हणू नका. ‘पेशंटसमोर ओरडलात की तो मलाही घाबरतो, तोंड उघडत नाही’ असं सांगा. चूक दिसली तर मात्र संध्याकाळची वाट बघायची नाही, तिथंच आणि तेव्हाच बोलायचं. मग ओरडू देत.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा. ‘सुई नाही टोचणार’ असं सांगून आणू का? (होटगी रोड)

नको. ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हेही घरात बंद करा. आदल्या रात्री चमच्यानं त्याचे दात मोजायचा खेळ खेळा, बाकी आमच्यावर सोडा. आम्ही आधी सांगतो, मग दाखवतो, मग करतो. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास त्याला खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा. बधिर ओठ पोरं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन आई-बाप आमच्याच दारात येतात.