आधीच्या पिढ्यांनी बिघडवलेलं पर्यावरण आपल्या वाट्याला आलं याचा राग येतो. ही भावना कशी घालवायची?

घालवू नकोस. तू १९ वर्षांचा आहेस, बातम्या वाचून चिडचिड होते आणि घरचे म्हणतात ‘फार विचार करतोस’, असं तू लिहिलंयस. मी तुझ्याहून थोडीच मोठी आहे. हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

२०१८ मध्ये आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, दीड अंशाबद्दलचा अहवाल आला. औद्योगिकीकरणाआधीच्या तुलनेत पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हायला हवं आणि २०५० च्या आसपास निव्वळ शून्यावर यायला हवं (म्हणजे जेवढं सोडू तेवढंच हवेतून परत काढून घ्यायला हवं), असं त्यात होतं. मी तेव्हा १८ वर्षांची होते. सगळे घरी जमले होते आणि मी हे पोटतिडकीने सांगत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, आम्हाला कुठे माहीत होतं तेव्हा? आणि तुमची पिढी हुशार आहे, तुम्ही काढाल मार्ग.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला.

त्या कौतुकाने मला जितकं लागलं तितकं कुणी ओरडून बोललं असतं तरी लागलं नसतं.

कारण हे आधीपासून माहीत होतं. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये मांडलं होतं. १९५८ पासून शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंगने हवाईतल्या माउना लोआ पर्वतावर हा वायू मोजायला घेतला. तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भागांच्या, आसपास होता. माझा जन्म झाला तेव्हा ३७० च्या जवळ पोचला होता, आणि आता ४२० च्या वर आहे. १९८८ मध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर सांगितलं की तापमानवाढ सुरू झाली आहे. आयपीसीसी त्याच वर्षी स्थापन झाली. काका तेव्हा नोकरीला लागलेले, रोज पेपर वाचणारे गृहस्थ होते. कोळसा, तेल आणि गॅस जाळून माणसाने आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, त्यातला निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे. म्हणजे कळल्यानंतरचा.

आणि ‘तुम्ही मार्ग काढाल’? कशाने काढणार? आज बांधलेलं कोळशाचं वीजकेंद्र पुढची काही दशकं चालतं. ते बांधायचं की नाही हे ठरवणारे लोक माझ्या वयाचे नाहीत. आमच्या हाती सह्या करायचा अधिकार येईल तोवर वेळ निघून गेलेली असेल. तरुणांवर विश्वास दाखवून स्वतःची जबाबदारी झटकायची, याला मी आशा म्हणत नाही.

पुढे हाच वाद पुन्हा निघाला तेव्हा काका म्हणाले, “मग तू एसी लावू नकोस.” या मुद्द्याला मात्र त्यांच्याच पिढीने उत्तर देऊन ठेवलंय. फ्रिजमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवणारा ओझोनचा थर विरळ होतो हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये या वायूंवर बंधनं आणणारा माँट्रियल करार झाला. फ्रिज वापरता म्हणून कुणी घराघरांत लोकांना लाजवत बसलं नाही, फ्रिजमधला वायूच बदलायला लावला. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. म्हणजे त्या पिढीला जमत होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तू एकटा नाहीस. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५९ टक्के जणांना हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ही काळजी खऱ्या गोष्टीची आहे, तिला मनाचा खेळ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. पण ‘आता सगळं संपलं’ हेही मानू नकोस. उत्सर्जन निव्वळ शून्यावर आलं की तापमान वाढायचं जवळपास थांबतं, असं विज्ञान सांगतं. म्हणून अंशाच्या प्रत्येक दहाव्या भागासाठी भांडण्यात अर्थ आहे. काही गोष्टी मात्र परत येणार नाहीत. समुद्राची पातळी पुढची कित्येक शतकं वाढत राहील, नष्ट झालेल्या प्रजाती गेल्या त्या गेल्या. त्याचं दुःख होतंय तर होऊ दे.

दोन गोष्टी राहिल्या. एक, नुसतं वय बघून राग धरू नकोस. जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांकडे उत्सर्जनाचा जवळपास निम्मा वाटा जातो, आणि त्यांत तरुणही आहेत. मागच्या पिढीतल्या बहुतेक गरिबांनी यात जवळजवळ काहीच भर घातलेली नाही. दुसरं, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर माझं उत्तर पुरेसं नाही, समुपदेशकाकडे जा.

आणि घरी गप्प बसू नकोस. त्यांनी माफी मागावी अशी अपेक्षा ठेवू नकोस, त्याने काही होत नाही. त्यांना विचार की मत देताना हा विषय ते बघतात का, आणि साठवलेले पैसे कुठल्या कंपन्यांत आहेत. काकांना मी हे दोन्ही विचारलंय. तुझ्याही घरी कुणीतरी ‘तुमची पिढी हुशार आहे’ म्हणेल. तेव्हा आधी या प्रश्नांची उत्तरं माग, तोवर विषय बदलू देऊ नकोस.