परदेशी एकटीनेच जावे का?

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. सोबतीची वाट पाहण्यात बरीच वर्षे गेली. आता पाच दिवस सिंगापूरला एकटीनेच जावेसे वाटते. मुलगा मात्र सहल कंपनीबरोबरच जा, असा आग्रह धरतो. इंग्रजी कामापुरते येते. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जा. पहिल्या प्रवासासाठी तुम्ही निवडलेले ठिकाणही योग्य आहे, कारण तेथे पाट्या इंग्रजीत असतात, चांगी विमानतळावरून थेट मेट्रो मिळते आणि लिटल इंडियात शाकाहारी जेवणाची आबाळ होत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा आधी अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे आगमनपत्र मात्र सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. बँकेत काम केलेल्या व्यक्तीला सांगायला नको, तरीही कार्डावरील परदेशी व्यवहारांची सोय निघण्यापूर्वी सुरू करून घ्या.

फराळाचा डबा भरताना अनारसे वगळा; खसखशीवर तेथे कडक निर्बंध आहेत. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

मुलाची काळजी रास्त आहे, परंतु निर्णय तुमचा आहे. त्याच्याकडे तिकीट, विमा आणि हॉटेलचा पत्ता देऊन ठेवा आणि रोज रात्री एकदाच फोन करायचा, असे ठरवा. तिथले घड्याळ अडीच तास पुढे असते.