पत्रास कारण की… : गेलेल्या माणसाचा निरोप

पितृपंधरवडा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. एरवी सुना, सासवा, मुलांचे मार्क. भाद्रपदात मात्र गेलेली माणसं. यंदा तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, संपादकांनी चालवून घ्यावं.

*

नमस्कार सिस्टर,

पलूस तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. आमची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी ऐन पीकछाटणीत मालक हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. तेव्हापासून पहाटे, मोटर चालू करायला जाताना वाजायची तशी त्यांची चप्पल वाजलेली मला स्पष्ट ऐकू येते. ओळखीच्या एका बाईंनी मला सांगलीत एका ताईंकडे नेलं. त्या दर गुरुवारी बैठक घेतात. पाटावर अक्षरं मांडतात, पालथ्या वाटीवर सगळ्यांनी बोट ठेवायचं, वाटी फिरते आणि निरोप येतो. 'मी प्रकाशात आहे, काळजी करू नको' असा मालकांचा निरोप आला, तेव्हा मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले. ताई म्हणतात, आत्म्यांच्या जगाला सात पायऱ्या असतात. आपण निरपेक्ष प्रेम करत गेलो की आपलीही पायरी वाढते आणि आपलं माणूस जवळ येतं. हे मला मनापासून पटलं. पण गेल्या महिन्यात निरोप आला की मालक मधेच अडकलेत, शांती करायला हवी, एकवीस हजार लागतील. बारावीतली मुलगी म्हणते, आई, तू फसतेयस. सासूबाई अंथरुणावर आहेत, गुरुवारी त्यांच्याजवळ तीच थांबते. सासूबाईंचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. मला एवढंच सांगा, आत्म्यांचं जग आहे का? आणि माझं प्रेम कमी पडतंय म्हणून मालक अडकलेत का?

– एक वाचक, पलूस तालुका

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. नाही. तुमचं प्रेम कमी पडलेलं नाही. मेलेल्या माणसाची वाट अडवण्याइतकी ताकद कुणाच्या प्रेमात नसते आणि कुणाच्या प्रेम नसण्यातही नसते. हे ज्यांनी तुमच्या डोक्यात घातलं, त्यांचा मला राग आला आहे. पुढे कुठे माझी भाषा तिखट झाली तर ती त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

आता चप्पल. ती ऐकू येते म्हणून स्वतःला वेडी समजू नका. १९७१ मध्ये वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, की गेलेला जोडीदार अजून जवळपास असल्याचं जाणवतं का, दिसतो का, आवाज येतो का. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. त्यातल्या बहुतेकांनी तोवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि कित्येकांना त्या जाणिवेचा आधारच वाटत होता. तेव्हा चप्पल वाजू दे. तिचा अर्थ विचारायला कुणाकडे जायची गरज नाही.

आत्म्यांचं जग आहे का? मी मिरजेत वॉर्डात नोकरी केली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, अख्खा पश्चिम महाराष्ट्र आणि निम्मं उत्तर कर्नाटक इथं येऊन पडतं. रात्रपाळीला शेवटाकडे आलेली माणसं रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायची. 'आई आलीया, तिला बसायला द्या की.' मी खुर्ची पुढं सरकवायची. नव्या मुली विचारायच्या, सिस्टर, हा भ्रमच ना? ऑक्सिजन कमी पडतो, औषधांचा अंमल असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी खुर्ची सरकवायला माझं काय जात होतं? मी पितर मानते. दर वर्षी म्हाळ घालते, गवारीची भाजी, आळू, वडे, खीर, सगळं साग्रसंगीत. सिद्ध करून दाखवा म्हणाल तर मला जमणार नाही, आणि न मानणाऱ्याशी माझं भांडणही नाही. पण मी त्यांना घास ठेवते, त्यांच्याकडून निरोप मागत नाही. माझ्या मते सगळा फरक इथंच पडतो.

वाटी कोण फिरवतं, हेही सांगते. तुम्हीच सगळ्याजणी, न कळत. युरोपात टेबलं फिरवायचं खूळ आलं होतं, तेव्हा मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये पुठ्ठ्यांचे थर एकमेकांवर असे बसवले, की हात आधी हलला की टेबल आधी, ते कळावं. दर वेळी हात आधी हलला होता. हलवणारी माणसं प्रामाणिक होती, त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. घरी करून बघायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधा आणि कुणी तरी गुपचूप पाट फिरवून ठेवा. वाटी जाईल ती अक्षरं जिथं होती त्या रिकाम्या जागेकडे. मालकांचा पहिला निरोप खोटा होता असं म्हणायची माझी हिंमत नाही. 'काळजी करू नको' हे वाक्य ते जिवंतपणी तुम्हाला शंभरदा म्हणाले असतील. तुमच्या बोटाला ते पाठ आहे. म्हणजे ते शब्द त्यांचेच होते, फक्त सांगलीच्या पाटावर यायच्या आधीपासून तुमच्याकडे होते.

सात पायऱ्यांचं म्हणाल, तर मानणाऱ्यांतच एकमत नाही. फ्रान्समध्ये अ‍ॅलन कार्देक यांनी १८५७ पासून या विषयाचा पंथच उभा केला. त्यांच्या हिशेबात आत्म्यांचे तीन मोठे वर्ग आणि दहा पोटवर्ग. अमेरिकेत त्याआधी, १८४८ मध्ये, फॉक्स बहिणींच्या घरात भिंतीतून टकटक ऐकू येऊ लागली आणि त्यावरून केवढी चळवळ उभी राहिली. त्यातल्याच मार्गारेटनं १८८८ मध्ये भर सभेत सांगितलं, की आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवत होतो. पुढच्या वर्षी तिनं तेही शब्द मागे घेतले, ही गोष्ट वेगळी! पण कार्देक यांच्या पंथातलं एक मला आवडतं. आत्मे निरोप देतात यावर त्यांचा ठाम विश्वास, आणि तो निरोप पोचवायचे पैसे घ्यायचे नाहीत हा तितकाच ठाम नियम. फुकट मिळालं ते फुकट द्यायचं. ब्राझीलमध्ये शिको शावियेर नावाचे गृहस्थ होऊन गेले, २००२ मध्ये वारले. आत्म्यांनी सांगितलेली म्हणून त्यांनी चारशेहून जास्त पुस्तकं लिहिली आणि त्यांचं उत्पन्न दानधर्माला देऊन टाकलं. त्यांचं खरं का खोटं, देव जाणे. पण तुमच्या ताईंच्या एकवीस हजारांना त्यांच्या स्वतःच्या शास्त्रातही जागा नाही, एवढं समजून घ्या.

आपल्याकडे तर त्याला कायदा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा पुण्यात खून झाल्यावरच जो आला, तो जादूटोणाविरोधी कायदा. चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं, याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. आणि हाच कायदा पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावत नाही, तसं त्यात लिहून ठेवलंय. म्हणजे तुमच्या श्रद्धेवर कुणी केस करत नाही. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकटीनं जाऊ नका, आणि मुलीला एकदा म्हणा, तुझं बरोबर होतं.

आता निरपेक्ष प्रेम. त्या ताईंनी तुम्हाला दिलेली ही एक गोष्ट खरी आहे, ती टाकून देऊ नका. फक्त ती त्यांनी अर्धीच दिली. प्रेम केलं की पायरी वाढते, पायरी वाढली की माणूस जवळ येतं, हा व्यवहार झाला. नाथांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. पैठणला एकनाथ महाराजांकडे वडिलांचं श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा वास दरवळला तसा दारावरून जाणाऱ्या महार कुटुंबातली पोरं म्हणाली, असं आम्हाला कधी मिळणार? नाथांनी आणि गिरिजाबाईंनी तेच अन्न त्यांना पोटभर वाढलं. मग ब्राह्मण रुसून बसले, पुन्हा रांधलं तरी येईनात. तेव्हा म्हणे पितर स्वतः पानावर येऊन जेवले. नाथांनी त्यांना बोलवायला पाट मांडला नव्हता. भुकेलं कोण आहे ते बघितलं आणि वाढलं.

तुमच्या घरात भुकेलं कोण आहे? ताई, तुमच्या पत्रात सासूबाईंवर दोनच वाक्यं आहेत आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यांचा मुलगा गेलाय. तुमचे मालक म्हणजे त्यांचं पोर. या जगात मालकांना तुमच्याइतकं, किंबहुना तुमच्याआधीपासून ओळखणारं दुसरं माणूस तुमच्याच माजघरात पडून आहे आणि तुम्ही त्यांची खबर विचारायला एस.टी.नं सांगलीला अनोळखी बाईकडे जाता. 'तो लहानपणी कसा होता', 'पहिली बाग लावली तेव्हा काय म्हणाला', हे सगळं म्हातारीकडे आहे. तिला विचारायला कुणी बसलं नसेल. अंथरुणावरच्या माणसाला लोक 'जेवलात का' आणि 'झाली का' या दोन प्रश्नांपलीकडे काही विचारत नाहीत, मी जन्मभर बघितलंय.

जमलं नाही म्हणता, मग जमलेलं दाखवूही नका. म्हातारी लगेच ओळखेल. हातानं सुरुवात करा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोमट पाण्यानं पुसून कोरडी करायची, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का बघायचं. लाल दिसलं तर चोळायचं नाही, त्या अंगावर झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. गुरुवारी हे काम तुम्ही करा आणि मुलीला अभ्यासाला सोडा. त्या शिव्या देतील कदाचित. तुमचा हात झटकतील. बदल्यात काही मिळेलच असं मी सांगत नाही. 'निरपेक्ष' म्हणून तुम्हीच लिहिलंयत. गेलेल्या नवऱ्यावर प्रेम करणं तसं सोपं, तो उलट बोलत नाही.

आणि गेलेल्यांसाठी काही करावंसं वाटतंच ना, तर करा. आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले. दर वर्षी मोठमोठे गवई तिथं येऊन त्यांच्यासाठी गातात. हजेरी लावायची, गायचं, निघायचं. खाँसाहेबांचा आवाज काही परत येत नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. तुमच्याकडे गाणं नसेल, बाग आहे. या हंगामातली पहिली पेटी कुणाला द्यायची ते सासूबाईंना विचारा.

*

सिस्टर, मी कराडचा, एमआयडीसीत नोकरीला आहे. वडील दारू पितात. पैसे दिले की पितात, नाही दिले की आईला शिव्या. आई सत्संगाला जाते. ती म्हणते, निरपेक्ष प्रेम कर, देव बघतोय. मी किती दिवस पैसे देत राहू?

– वाचक, कराड

आजपासून देऊ नकोस. प्रेमाला अट नसावी हे मान्य, पण पगाराला असू दे. वडिलांना जेवण दे, कपडे दे, दवाखान्यात ने, ते पडले तर उचल. दारूचा पैसा दिलास तर ते प्रेम नाही, आजची रात्र शांत जावी म्हणून भरलेली खंडणी आहे, आणि हे तुलाही कळतंय म्हणून तू लिहिलंस.

एक मात्र लक्षात ठेव. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करायची नसते. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, फी नसते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं, तिथं आईला घेऊन जा. सत्संग तिनं सोडायचं कारण नाही. आणि शिव्यांच्या पुढं हात उचलण्यापर्यंत गेलं, तर ११२ ला फोन करायचा. तेव्हा सत्संग आठवत बसू नकोस.

*

सिस्टर, वडिलांच्या दहाव्याला संगम माहुलीला पिंडाला कावळाच शिवला नाही. दोन तास थांबलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. नातेवाईक म्हणतात, धाकट्यानं वडिलांना दुखावलं म्हणून झालं. धाकटा आता घरी येत नाही. वडिलांचा आत्मा खरंच नाराज असेल का?

– वाचक, सातारा

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर एका सकाळी किती जणांचे पिंड मांडलेले असतात ते तुम्ही बघितलंच असेल. कावळ्याचं पोट केवढं? आधीच्या चार पानांवर तो जेवून गेला असेल. आणि दर्भाच्या कावळ्याची सोय आपल्याच वाडवडिलांनी करून ठेवली ना? कावळा न शिवणं ही गेलेल्याची नाराजीच असती, तर गवताचा कावळा त्यांनी कशाला चालवून घेतला असता?

नाराज नातेवाईक आहेत, आणि ते सगळे जिवंत आहेत. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्री उशाशी कोण होतं, औषधांची बिलं कुणी भरली, हे तुम्हाला माहीत आहे. धाकट्याचं नाव त्यात असेल तर ते चार लोकांत बोला, नसेल तरी त्याला तेराव्याला बोलवा. तेरावा होऊन गेला असेल तर पितृपंधरवड्यात येऊन जा म्हणावं. फोन तुम्ही करा, बायकोला करायला लावू नका.